नानांच्या गोळ्यांची पिशवी आधी टेबलावर ओता

पत्र असं आहे:

«माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ७२ वर्षांचे आहेत. प्रेसमधून रिटायर झाल्यावर त्यांनी दिंडोरी तालुक्यातली आमची द्राक्षबाग सांभाळली. फवारणीसुद्धा स्वतः करायचे. दोन-अडीच वर्षांपूर्वी टीव्ही बघताना त्यांचा उजवा हात कापायला लागला. मग चाल मंदावली, पावलं बारीक पडायला लागली. गेल्या वर्षापासून विसरतात. एखाद्या दिवशी पेपर वाचून सगळं राजकारण सांगतील आणि दुसऱ्या दिवशी घरातलंच संडास कुठे ते विचारतील. संध्याकाळी गॅलरीत पोरं बसलेली दिसतात, ‘त्यांना काही खायला द्या’ म्हणतात. शेजारी म्हणतात अल्झायमर आहे. दीर म्हणतात, औषध मारून मारून झालं. सासूबाईंना बाहेरचं काही वाटतं, त्या देवऋषीकडे न्यायचं म्हणतात. जवळच्या डॉक्टरांनी थरथरीवर गोळी दिली. हात थोडा थांबला, पण पोरं जास्त दिसायला लागली. एका वैद्यांचं चूर्णही चालू आहे. गॅस, चक्कर, बीपी, शुगर आणि झोपेच्या गोळ्या जुन्याच आहेत, सगळ्या पाकिटांचे फोटो सोबत पाठवते. विसरण्यामुळे थरथर होते की थरथरीमुळे विसरायला होतं? हे नेमकं कशामुळे? माझ्या मिस्टरांनाही पुढे होईल का? ते अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये असतात, नणंद इंदिरानगरला. नानांचं सगळं मी बघते. (सासूबाई बऱ्याच वर्षांपासून वेगळ्या खोलीत झोपतात, कारण नाना झोपेत ओरडतात, लाथा मारतात. हे प्रेसमध्ये असल्यापासूनचं आहे. याचा संबंध नसेल, तरी लिहिलं.)
— एक सून, जेलरोड, नाशिकरोड»

ताई,

विसरण्यामुळे हात कापत नाही आणि हात कापल्यामुळे माणूस विसरत नाही. दोन्ही लक्षणं आहेत, त्यांच्यामागचं कारण तिसरंच असतं. कधी दोन्हींचं कारण एकच निघतं. कधी दोन वेगळी कारणं एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी येतात. नानांच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं झालं असावं, असं तुमचं पत्र आणि फोटो बघून मला वाटतं. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे, घरीच निकाल लावण्यासाठी नाही.

डिमेंशिया हे एका आजाराचं नाव नाही. स्मरण, विचार आणि रोजचे व्यवहार इतके ढासळले की माणसाला दुसऱ्याच्या आधाराशिवाय जमेना, म्हणजे डिमेंशिया. तो अल्झायमरनं येतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून येतो, आणखीही कारणांनी येतो. आणि ‘वय झालं’ हे त्यातलं एकही कारण नाही. वयानं माणूस हळू होतो, नाव आठवायला वेळ लागतो. पण ७२ व्या वर्षी स्वतःच्या घरातलं संडास सापडू नये, हे वयाच्या नावावर ढकलून मोकळं होऊ नका.

तुम्ही पाकिटांचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. मला त्यात चार गोष्टी दिसल्या, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

नानांच्या गॅसच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड आहे. आपल्याकडे पोट जड वाटतं, ढेकर येतात म्हटलं की ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते, आणि एकदा लिहिली की लोक मेडिकलमधून वर्षानुवर्षं तीच घेत राहतात. लेव्होसल्पिराइड डोपामिन अडवतं. मेंदूत हालचाली सुरळीत ठेवण्याचं काम डोपामिन करतं, आणि पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, ते तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जातात. धरणातून पाणी कमी सुटलं काय किंवा पाटाचं दार बंद राहिलं काय, शेताला कोरडच पडते. या गोळीनं दार बंद होतं. हात कापतो, चाल बारीक होते, चेहरा निर्विकार दिसतो. थेट पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहतं.

चक्करच्या गोळीत सिनारिझिन आहे. त्याचंही तेच. त्याचं भावंड शोभावं असं फ्लुनारिझिन अर्धशिशीसाठी देतात, त्याचंही तेच. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर-उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन ही त्याच घरातली. थोडे दिवस घेतली तर सहसा काही होत नाही. साठीपुढच्या माणसानं महिनोन्महिने घेतली तर मात्र होऊ शकतं, आणि नाना दोन अशा गोळ्या एकदम घेत आहेत.

थरथरीवर दिलेली गोळी ट्रायहेक्सिफेनिडिल आहे. जुनं औषध आहे, कंप त्यानं खरंच कमी होतो. पण ते मेंदूतलं ॲसिटिलकोलिन अडवतं, आणि स्मरणाचं बरंचसं काम त्याच्यावर चालतं. म्हातारपणी, त्यातही आधीच विसरणाऱ्या माणसाला या गोळीनं गोंधळ वाढतो, भास होतात किंवा असलेले वाढतात, शौचाला कोरडं होतं, लघवी अडते. हात थांबला आणि पोरं जास्त दिसायला लागली, हे तुम्ही जे लिहिलंत ते अगदी असंच घडतं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, डॉक्टरांना हेच वाक्य जसंच्या तसं सांगा.

चौथी गोळी झोपेची, क्लोनाझेपाम. तिच्यानं दिवसा गुंगी आणि रात्री बाथरूमला जाताना पडणं, दोन्हींची भीती असते.

म्हणून पहिलं काम हे. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, सिरप, डोळ्यांचे थेंबसुद्धा एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. प्रत्येक गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली, हे आठवून कागदावर लिहा. जुनी बिलं सापडली तर उत्तम. त्याच कागदावर हात कापायला लागल्याचा महिना लिहा, विसरायला लागल्याचा लिहा, पोरं पहिल्यांदा दिसली त्याचा लिहा. गॅसची कॅप्सूल आधी आणि कंप नंतर, असं निघालं तर त्या एका ओळीनं डॉक्टरांचं अर्धं काम होईल. पण काहीही आपल्या मनानं बंद करू नका. झोपेची गोळी आणि ट्रायहेक्सिफेनिडिल अचानक थांबवली तर माणूस बिथरतो. ती टप्प्याटप्प्यानं उतरवावी लागतात. आणि गोळ्या सुटल्यावर आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. औषधानं आलेला कंप ओसरायला काही आठवडे लागतात, कधी बरेच महिने.

पिशवीनंतर रक्त. थायरॉइड वाढलं की हात कापतो, कमी झालं की बुद्धी मंदावते. बी-१२ कमी पडलं की विसरायला होतं, पाय बधिर होतात. नाना माळकरी, शाकाहारी असतील तर आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेत असल्यामुळे तर ही तपासणी हवीच. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यानं सोडियम उतरतं आणि म्हातारा माणूस एका दिवसात भलतंच बोलायला लागतो. मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम हेही बघतील. शुगरचं एक वेगळं सांगते. हाताला कंप, दरदरून घाम आणि एकदम गोंधळ, हे तिन्ही एकत्र आलं तर पहिल्यांदा ग्लुकोमीटर लावा. शुगर उतरलेली असू शकते, आणि तो दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न असतो.

नाना मध्यंतरी कधी पडले होते का? डोक्याला नुसतं खरचटलं असलं, तरी म्हातारपणी कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं आणि काही आठवड्यांनी माणूस गोंधळतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर जास्तच. हे एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये लगेच दिसतं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेनं पूर्ण बरं होतं. मेंदूत पाणी साठण्याचाही एक प्रकार आहे. त्याचं वर्णन १९६५ साली हकीम आणि ॲडम्स यांनी केलं. त्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं असं त्रिकूट असतं, कंप मात्र सहसा नसतो. म्हणून नानांना लघवी लागल्यावर थांबवता येतं का, हे डॉक्टर विचारतील तेव्हा लाजू नका.

आता ‘अल्झायमर’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडे येऊ. अल्झायमरमध्ये सुरुवातीला कंप नसतो. तिथे आधी आठवण जाते, बाकी शरीर बराच काळ ठीक असतं. नानांचं उलट आहे, हात आधी, मग चाल, मग विसरणं. शिवाय हात कसा कापतो हेही महत्त्वाचं. एक कंप असा असतो की चहाचा कप उचलला, सही करायला पेन धरलं की हात थरथरतो आणि मांडीवर ठेवला की शांत. तो बहुधा आनुवंशिक असतो, आईला-मामाला असतो, कधी मान आणि आवाजही कापतो. त्याला पार्किन्सन्स समजून लोक उगाच वर्षानुवर्षं घाबरतात. नानांचा हात टीव्ही बघताना, म्हणजे स्वस्थ बसलेला असताना कापतो. घरी एक बघा. त्यांना हात मांडीवर ठेवून बसवा आणि शंभरापासून उलटे आकडे म्हणायला सांगा. स्वस्थ असलेला हात तेव्हा जास्त कापायला लागला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर गोळी वळल्यासारखी फिरली, तर मोबाइलवर मिनिटभर चित्रण करा. चालताना समोरून आणि मागून एक चित्रण करा. दवाखान्यात माणूस अवघडून बसतो आणि नेमका तेव्हाच हात थांबतो. जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून न्या. अक्षर बारीक होत गेलं असेल तर ती खूण आहे.

आणि तुम्ही कंसात, संबंध नसेल म्हणून लिहिलेलं वाक्य. ताई, मला अख्ख्या पत्रात ते सगळ्यात मोलाचं वाटलं. स्वप्न पडतं तेव्हा आपले स्नायू एरवी शिथिल होतात, म्हणून स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. काही माणसांत ही सोय बिघडते. ती स्वप्नात भांडतात आणि अंथरुणात खरोखर गुद्दे मारतात. पार्किन्सन्स आणि लेवी बॉडीच्या आजारात (तो काय, ते पुढे सांगते) हे कंपाच्या कितीतरी आधी, कधी दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झालेलं असतं. वास कमी होणं आणि बद्धकोष्ठता हीसुद्धा अशीच आगाऊ येणारी लक्षणं आहेत. नानांना वरणाला दिलेल्या फोडणीचा वास येतो का, विचारून बघा. पोटाच्या ज्या तक्रारीसाठी त्यांना गॅसची कॅप्सूल सुरू झाली, ती तक्रार याच आजाराची पहिली पायरी असणं अगदी शक्य आहे. म्हणजे आजार आतून सुरू झालेला होता आणि वरून गोळीनं त्याला उघडं पाडलं. मला दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या झाल्यासारख्या वाटतात, ते यामुळे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या कंपाच्या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं होतं. पुढे दीर्घकाळ तेच धरून चाललं. पण माणसं अनेक वर्षं आजारासोबत जगू लागली तेव्हा कळलं की बऱ्याच जणांची स्मृती नंतर ढासळते. १९१२ साली फ्रिट्झ लेवी यांना पार्किन्सन्सच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोल गाठी दिसल्या, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. १९९७ मध्ये कळलं की त्या अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. हे प्रथिन हालचालींच्या भागात साचलं की कंप आणि ताठरपणा, विचारांच्या भागात पसरलं की विसरणं, भास आणि दिवसागणिक बदलणारी शुद्ध. आज बरं, उद्या नाही, पुन्हा परवा बरं, हे जे तुम्ही लिहिलंत ते याच आजाराचं लक्षण आहे. नाना सोंग करत नाहीत. पेपर वाचला त्या दिवशी तेही खरे होते आणि संडास विचारलं त्या दिवशीही.

डॉक्टर दोन नावं घेतील. कंपाला वर्ष उलटून गेल्यानंतर विसरणं सुरू झालं तर पार्किन्सन्स डिमेंशिया, विसरणं आधी किंवा वर्षभरातच आलं तर लेवी बॉडी डिमेंशिया. ही वर्षाची सीमा डॉक्टरांनी सोयीसाठी आखलेली आहे, आतला आजार एकाच कुळातला. तुमच्यासाठी नावापेक्षा त्या कुळाची एक गोष्ट फार मोठी आहे आणि ती कृपा करून घरातल्या प्रत्येकानं वाचा.

अशा माणसाला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन किंवा तशा जातीचं औषध दिलं तर तो अचानक लाकडासारखा ताठ होऊ शकतो, गिळणं थांबू शकतं, प्राणावरही बेतू शकतं. एखाद्या रात्री नाना बिथरतील, तुम्ही त्यांना जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्याल आणि तिथला थकलेला डॉक्टर चांगल्या हेतूनं त्यांना शांत करायला तेच इंजेक्शन काढेल. म्हणून निदान पक्कं होण्याआधीच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘लेवी बॉडीची शक्यता. हॅलोपेरिडॉल देऊ नये. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये.’ त्याचा फोटो मिस्टर, दीर, नणंद सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि माणूस एका रात्रीत बिघडला तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, ताप, चार दिवस न झालेलं पोट किंवा नुकतीच सुरू झालेली गोळी, यांतलं काहीतरी सापडतं.

नाशिकमध्ये न्यूरोफिजिशियन आहेत, पहिल्यांदा मुंबईला पळायची गरज नाही. एमआरआयमध्ये लेवी बॉडी दिसत नाही. तो बाकीची कारणं बाजूला काढण्यासाठी असतो, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घरी येऊ नका. उपचार आहेत. विसरणं आणि भास यांवर रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल देतात आणि या आजारात त्यांचा गुण बऱ्यापैकी येतो. ताठरपणासाठी लेव्होडोपा, अगदी थोड्या मात्रेपासून. इथे एक ओढाताण असते. लेव्होडोपा वाढवली तर चाल सुधारते पण भास वाढू शकतात, भास दाबायला गेलं तर चाल अडते. दोन-चार भेटींत मधला काटा सापडतो. तोवर डॉक्टर बदलत फिरू नका.

चूर्णाचं सांगते. कंपवातावर वैद्य कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचं बी देतात आणि ते निराधार नाही. त्या बियांमध्ये खरोखर लेव्होडोपा असतं, भारतीय संशोधकांनी ते १९३७ सालीच वेगळं काढून दाखवलं होतं. म्हणूनच काळजी घ्यायची. चमचाभर चूर्णात किती लेव्होडोपा गेलं हे कुणालाच कळत नाही, आणि वरून गोळीही सुरू झाली तर भास वाढतील, उभं राहताच बीपी उतरून नाना पडतील. वैद्यांना चूर्णात काय आहे ते विचारा आणि ते न्यूरोफिजिशियनना सांगा. दोघांपासून एकमेकांना लपवू नका.

दीरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेच्या भेसळयुक्त औषधानं एकाएकी पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखे गोठले. त्या भेसळीतून शरीरात तयार होणारं विष पॅराक्वाट या तणनाशकाशी रचनेनं जुळतं, हे लक्षात आल्यावर शेतीतल्या औषधांकडे नजर वळली. पॅराक्वाट आणि रोटेनोन यांच्याशी काम करणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्स जास्त आढळतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण एका माणसाकडे बोट दाखवून, ‘याला फवारणीनंच झालं’ असं कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. त्याच बागांमध्ये आयुष्य काढलेली, द्राक्षांवरच्या डावणी-भुरी रोगांवर तितकीच औषधं मारलेली कितीतरी माणसं ठणठणीत आहेत. बागेत फवारल्या जाणाऱ्या मोरचुदातल्या तांब्याचं कुणी काही बोललं तर तेही सोडून द्या. तांबं साचण्याचा विल्सनचा आजार जन्मजात असतो आणि बहुतेक तरुणपणीच उघड होतो. तुम्ही मात्र एक करा. आता बागेत ब्लोअर कोण चालवतो? दीर ना? त्यांना हातमोजे आणि फवारणीचा चांगला मास्क घ्यायला लावा, उघड्या हातानं औषध ढवळू देऊ नका आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. ते कपडे धुणारी बाईही त्यात सापडते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गॅलरीतली पोरं. या आजारात माणसं, लहान मुलं, मांजरं अगदी स्पष्ट दिसतात आणि बऱ्याचदा ती त्रास देत नाहीत. नाना त्यांना खायला द्या म्हणतात, यात त्यांचा स्वभाव दिसतो. वाद घालू नका, ‘कुठे आहेत, दाखवा’ म्हणून उलटतपासणी नको, आणि खोटं खोटं ताट वाढायचीही गरज नाही. ‘नाना, मला नाही दिसत, पण तुम्हाला दिसताहेत हे मला कळतं. चला, आपण आत बसू, चहा करते,’ एवढं पुरतं. अंधारायच्या आधी दिवे लावा. गॅलरीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढून घ्या, हलत्या सावल्यांची माणसं होतात. मोतीबिंदू तपासून घ्या, अंधूक दिसलं की भास वाढतात. कानांचंही बघा.

सासूबाईंना रागावू नका. ज्या नवऱ्यासोबत संसार केला तो नसलेल्या पोरांशी बोलताना बघून बाहेरचं वाटणं साहजिक आहे. त्यांना सांगा की त्या रात्रीच्या लाथांमुळेच डॉक्टरांना आजार ओळखायला मदत होणार आहे, आणि ती माहिती देणाऱ्या त्याच आहेत. वणीच्या देवीला जायचं म्हणाल्या तर घेऊन जा, नानांनाही न्या, पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉलीनं. देवऋषीकडे मात्र नको. तिथे उपास, धूर, कधी मार, आणि काय कालवलंय ते न कळणारी औषधं, यातलं काहीही या माणसाला झेपणार नाही.

थोडी घरातली आणि कागदपत्रांची कामं आताच करा. नानांची स्कूटर थांबवा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, सटकणारी पायपुसणी उचला. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळचं बीपी मोजून लिहा. लेव्होडोपा सुरू झालं तर ते जेवणाआधी अर्धा ते एक तास द्यायचं असतं, दूध-डाळ-पनीरच्या घासाबरोबर नाही. सही बदलल्यामुळे बँकेत चेक अडू शकतो. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय बँकांमध्ये आहे, मॅनेजरना भेटा. खातं जोडीचं करणं, मृत्युपत्र वगैरे, नाना शुद्धीत आणि समजून बोलतात त्या दिवसांत, त्यांना विचारून करा. साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेल्यावर चालत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. पार्किन्सन्स हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. निदान झाल्यावर दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मिस्टरांना होईल का, हे तुम्ही भीत भीत विचारलंत. बहुतेक घरांत हा आजार वडिलांकडून मुलाकडे असा सरळ येत नाही. थेट जनुकांतून येणारी घराणी थोडी असतात आणि तिथे आजार बऱ्याचदा लवकर, पन्नाशीच्या आतच दिसतो. नानांचं तसं नाही. डिमेंशियाबद्दल एकूण बोलायचं तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा सुधारता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, तंबाखू, डोक्याला मार, एकटेपणा अशी. ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेंशिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. शिफ्टमधून सुटलेला माणूस बीपी तपासत नाही आणि हेल्मेट हँडलला अडकवतो. त्यांना यातून सुरुवात करू द्या.

राहता राहिलात तुम्ही. ‘नानांचं सगळं मी बघते’ या वाक्याखाली तुम्ही दुसरं काहीच लिहिलं नाहीत, ना तक्रार, ना थकवा. हा आजार वर्षानुवर्षं चालतो, एका बाईनं तो एकटीनं ओढायचा नसतो. सासऱ्यांची अंघोळ सुनेनं घालायची वेळ आली की दोघांचाही जीव लाजेनं अर्धा होतो. ते काम मुलाचं आहे. शिफ्ट कोणतीही असो, दिवसातून एकदा अर्धा तास निघतो. दीर बागेत आहेत, ठीक, पण छाटण्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत नानांना गावी नेऊन ठेवायला त्यांना काय हरकत आहे? नानांनाही बाग बघून बरं वाटेल. नणंदेनं आठवड्यातला एक पूर्ण दिवस घ्यावा, त्या दिवशी तुम्ही घरात थांबायचं नाही. हे मागताना संकोच करू नका. कुणाशी बोलावं कळत नाही म्हणालात, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि काळजी घेणाऱ्यानं बोलावं यासाठीही तो आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हे रुग्ण आणि घरच्यांनी मिळून चालवलेलं आहे. तुमच्यासारख्या सुना-मुली तिथे भेटतील.

न्यूरोफिजिशियनकडे पहिल्यांदा जाल तेव्हा मिस्टरांना सुट्टी घ्यायला लावा आणि नणंदेलाही बरोबर न्या. गोळ्यांची पिशवी, तारखांचा कागद, मोबाइलमधली चित्रणं, दोन सह्या एवढं जवळ असू द्या. नानांच्या समोर त्यांच्याबद्दल ‘यांना काही कळत नाही’ असं कुणी बोलू नका, डॉक्टरांनासुद्धा आधी नानांशीच बोलायला सांगा. तपासण्यांचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा.